पूल नसलेली लढाई : 'ब्रेव्हहार्ट'मधील हिंसा आणि इतिहास

११ सप्टेंबर १२९७ रोजी स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे फोर्थ नदीवरच्या एका अरुंद लाकडी पुलाने लढाईचा निकाल लावला. त्या पुलावरून एका वेळी दोनच घोडेस्वार जेमतेम जाऊ शकत. इंग्रज सैन्याचा एक भाग पलीकडे उतरला होता आणि उरलेले सैन्य अजून अलीकडेच होते, तेव्हा इंग्रजांविरुद्ध उठलेले स्कॉट सेनानी विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांच्या भालाईतांनी टेकडीवरून खाली येऊन पुलाचे टोक अडवले. पलीकडे अडकलेल्यांना मागे फिरता येईना आणि अलीकडच्यांना मदतीला जाता येईना. मेल गिब्सन यांच्या १९९५ सालच्या 'ब्रेव्हहार्ट' या चित्रपटात ही लढाई सविस्तर दाखवली आहे, परंतु तिच्यात पूल नाही. मोकळे माळरान आहे, समोरासमोर उभ्या दोन फौजा आहेत आणि मधोमध निळा चेहरा रंगवलेला एकटा नायक आहे. मरे, ज्याचा त्या विजयात निदान बरोबरीचा वाटा होता आणि जो त्याच लढाईतील जखमांनी पुढे मरण पावला, तो तर चित्रपटात नावालाही नाही. चित्रीकरणाच्या वेळी एका स्थानिक गृहस्थाने पूल कुठे आहे असे विचारले, तेव्हा 'त्याची अडचण होत होती' असे उत्तर मिळाले, आणि 'इंग्रजांनाही तीच झाली होती' असे तो गृहस्थ म्हणाला, हा किस्सा स्कॉटलंडमध्ये आवडीने सांगितला जातो.

या चित्रपटावर गेली तीस वर्षे दोन आक्षेप घेतले जात आहेत. त्यातील हिंसा अंगावर येते हा पहिला, आणि त्यातील इतिहास चुकीचा आहे हा दुसरा. त्यांना उत्तरेही वेगवेगळी मिळतात. हिंसेच्या आक्षेपाला सांगितले जाते की तेराव्या शतकातले युद्ध असेच असायचे. चुकांच्या आक्षेपाला सांगितले जाते की चित्रपट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. रक्त दाखवताना इतिहासाचा हवाला द्यायचा आणि प्रसंग बदलताना तोच इतिहास बाजूला सारायचा, ही सोयीची वाटणी आहे आणि ती तपासली पाहिजे. माझ्या मते हे दोन आक्षेप मुळात एकच आहेत. चित्रपटात हिंसा प्रमाणाबाहेर आहे, ही खरी अडचण नाही. जिथे तिची नोंद आहे तिथून ती काढली आहे आणि जिथे नोंद नाही तिथे ती घातली आहे, ही अडचण आहे, आणि ही हलवाहलव नेहमी एकाच दिशेने झालेली आहे.

पडद्यावरची जखम

'ब्रेव्हहार्ट'पूर्वीच्या बहुतेक मध्ययुगीन भव्यपटांत तलवारी खणखणत, माणसे कोसळत, आणि चिलखतावर फारसा डागही पडत नसे. गिब्सन यांनी हा संकेत मोडला. स्टर्लिंगची लढाई आयर्लंडमधील करॅहच्या माळावर चित्रित झाली. सैनिक म्हणून आयर्लंडच्या लष्कराच्या राखीव दलातील माणसे मोठ्या संख्येने उभी केली गेली. भाल्यांवर येऊन आदळणारे घोडे यांत्रिक होते, पण ते इतके हुबेहूब उतरले की प्राण्यांच्या हिताची काळजी वाहणाऱ्या मंडळींनी विचारणा केल्याचे गिब्सन यांनीच सांगितले आहे. तोडलेले पाय, फुटलेली डोकी, घणाने चेचलेली शरीरे हे सारे जवळून दिसते. अमेरिकेत चित्रपटाला 'आर', म्हणजे मुलांच्या प्रवेशावर बंधन घालणारे, प्रमाणपत्र मिळाले आणि मध्ययुगीन युद्धातील क्रौर्य हेच त्याचे कारण नोंदवले गेले. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन यांसह ५ ऑस्कर पुरस्कार त्याला मिळाले, आणि जगभरातली कमाई २० कोटी डॉलरच्या पुढे गेली.

युद्ध दाखवण्याची ही रीत खोटी नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. भाला आणि कुऱ्हाड यांनी होणारी लढाई कुरूपच असते, आणि ती देखणी करून दाखवणारे जुने चित्रपट अधिक अप्रामाणिक होते असेही म्हणता येईल. परंतु या रीतीचा एक परिणाम असा होतो की जखमेचा खरेपणा प्रसंगाला चिकटतो. चिखल, घाम, मांस हे सगळे इतके खरे दिसते की ज्या कारणासाठी ते सांडते आहे तेही खरेच असणार, असे प्रेक्षक गृहीत धरतो. मग घागऱ्यासारखे ते स्कॉटिश वस्त्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपूर्वी त्या रूपात नव्हते आणि चेहऱ्यावरचा निळा रंग रोमन काळातल्या वर्णनांतून उचललेला आहे, हे कोणी सांगितले तरी त्याला फारसा धक्का बसत नाही. वेशभूषेतील चुकांवर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. या प्रकरणात मला त्या सर्वांत कमी महत्त्वाच्या वाटतात.

आंधळ्या हॅरीचे काव्य

पटकथाकार रँडल वॉलेस हे अमेरिकन आहेत आणि त्यांचा मुख्य आधार म्हणजे 'आंधळा हॅरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीचे १४७० च्या दशकातले दीर्घकाव्य. नायकाच्या मृत्यूनंतर सुमारे १७० वर्षांनी रचलेले हे काव्य जवळजवळ १२,००० ओळींचे आहे. विल्यम वॉलेसचा धर्मगुरू जॉन ब्लेअर याने लिहिलेल्या लॅटिन ग्रंथावरून आपण हे रचले असे हॅरी सांगतो. तो ग्रंथ कधीही कोणाच्या हाती लागलेला नाही. स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स त्या वेळी इंग्लंडशी सलोखा करू पाहत होता आणि तो सलोखा न रुचणाऱ्या सरदारवर्गात या काव्याला श्रोते मिळाले. १७२२ मध्ये त्याची सोप्या भाषेतली आवृत्ती निघाली आणि तिने ते घरोघर पोहोचवले.

मराठी वाचकाला ही परिस्थिती नवी नाही. घटनेनंतर शे-दीडशे वर्षांनी लिहिलेली बखर, तिच्यातले रंगलेले संवाद, हरवलेल्या मूळ कागदाचा हवाला, आणि दुसऱ्या बाजूला एखादे अस्सल पत्र, हा झगडा आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या काळापासून चालू आहे. वॉलेसच्या बाबतीतही असे एक पत्र आहे. स्टर्लिंगनंतर बरोबर एक महिन्याने, ११ ऑक्टोबर १२९७ रोजी, मरे आणि वॉलेस यांच्या नावाने ल्युबेक आणि हँबर्ग या जर्मन शहरांच्या व्यापाऱ्यांना ते पाठवले गेले. स्कॉटलंड युद्ध करून इंग्रजांच्या ताब्यातून परत मिळवला आहे, तेव्हा आमच्या बंदरांत निर्धास्तपणे माल घेऊन या, असा त्याचा आशय आहे. त्या पत्राच्या मुद्रेवर वॉलेसने स्वतःला ॲलनचा मुलगा म्हटले आहे आणि मुद्रेवर बाण लावलेले धनुष्य आहे. हॅरीच्या काव्यात बापाचे नाव माल्कम, म्हणून चित्रपटातही माल्कम. मुद्रेतल्या तिरंदाजाऐवजी पडद्यावर पाठीला उंचीएवढी तलवार बांधलेला शेतकऱ्याचा पोर उभा आहे.

कुठली हिंसा गेली, कुठली आली

चित्रपट सुरू होतो १२८० मध्ये: स्कॉटलंडचा राजा निपुत्रिक मेला आहे आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने देश बळकावला आहे. प्रत्यक्षात राजा तिसरा अलेक्झांडर १९ मार्च १२८६ रोजी, वादळी रात्री घोड्यावरून पडून मेला. त्याची नात १२९० मध्ये वारली, १२९२ मध्ये जॉन बॅलियल गादीवर आला, आणि त्याने १२९५ मध्ये फ्रान्सशी करार केल्यावर एडवर्डची फौज १२९६ च्या मार्चमध्ये उत्तरेकडे निघाली. तिने पहिला घाला घातला तो बेरिकवर. बेरिक हे तेव्हा स्कॉटलंडचे सर्वांत संपन्न व्यापारी शहर होते. तेथे इंग्रज सैन्याने नागरिकांची सरसकट कत्तल केली. निरनिराळ्या बखरींतले मृतांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण सगळे हजारांच्या घरातले आहेत. एडवर्डच्या क्रौर्याचा यापेक्षा धडधडीत पुरावा कोणत्याही पटकथाकाराला मिळाला नसता. तरीही बेरिक चित्रपटात नाही.

त्याच्या जागी आहे प्रथमरात्रीचा हक्क. स्कॉटलंडमधल्या प्रत्येक नवविवाहितेची पहिली रात्र इंग्रज सरदाराची राहील, असे फर्मान पडद्यावरचा एडवर्ड काढतो. असे कोणतेही फर्मान त्याने काढल्याचा पुरावा नाही. मध्ययुगीन युरोपात असा कायदा सर्रास होता, ही समजूतच नंतरच्या शतकांत रचली गेली, हे आलँ बुरो या फ्रेंच इतिहासकाराने तपशिलाने दाखवले आहे. नायकाची गुप्तपणे झालेली लग्नगाठ, सैनिकाने तिच्यावर टाकलेला हात, आणि चव्हाट्यावर चिरलेला तिचा गळा या सगळ्या घटना या कल्पित फर्मानाच्या पोटातून निघतात. लानार्कचा शेरीफ, म्हणजे तिथला इंग्रज अंमलदार, हेझलरिग याला वॉलेसने मे १२९७ मध्ये मारले, एवढे निश्चित आहे. पत्नीच्या खुनाचा सूड हे कारण हॅरीचे आहे. बेरिकची कत्तल दाखवायची तर बॅलियल, फ्रान्सशी झालेला करार, व्यापारी शहरे असे राजकारण सांगावे लागले असते. बायकोचा खून दाखवला की काहीच सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात चित्रपटाने स्वतःच्या आधारग्रंथालाही कात्री लावली आहे. हॅरीच्या काव्यात इंग्रज अधिकारी स्कॉट सरदारांना एअर येथील धान्याच्या कोठारांत बोलावतात आणि एकेकाला आत घेऊन फासावर लटकवतात. चित्रपटाच्या सुरुवातीला लहानगा विल्यम कोठारात लटकणारी प्रेते पाहतो, ते दृश्य इथून आले आहे. परंतु काव्यात पुढची रात्रही आहे: वॉलेस त्याच कोठारांना, आत इंग्रज झोपलेले असताना, बाहेरून दारे बंद करून आग लावतो. हॅरीला त्यात काही वावगे वाटत नाही. तो ते अभिमानाने गातो. चित्रपटाने पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा गाळला.

हाच नियम स्टर्लिंगला लागू झाला आहे. एडवर्डचा स्कॉटलंडमधला खजिनदार ह्यू क्रेसिंगहॅम त्या लढाईत मारला गेला आणि करवसुलीमुळे तो इतका नकोसा झाला होता की स्कॉटांनी त्याच्या प्रेताची कातडी सोलून वाटून घेतली, असे इंग्रज बखरकार लिहितात. लानरकॉस्टची बखर तर म्हणते की वॉलेसने त्यातील एका रुंद पट्टीचा आपल्या तलवारीसाठी पट्टा करून घेतला. लानरकॉस्टचा मठ सरहद्दीजवळ होता, त्याला स्कॉट धाडींची झळ बसली होती, तेव्हा या साक्षीला शत्रूची साक्ष म्हणूनच तोलले पाहिजे. तरीही ती साक्ष आहे, आणि प्रथमरात्रीच्या हक्काला तेवढाही आधार नाही. ज्या चित्रपटाला कापलेले अवयव दाखवण्याचा संकोच नाही, त्याने ही एक कातडी मात्र टाळली.

लढाईनंतरच्या महिन्यांत वॉलेसच्या फौजेने नॉर्थंबरलंड आणि कंबरलंड लुटले. गावे जळली, मठ लुटले गेले. हेक्सहॅमच्या मठात त्याच्या माणसांनी पूजेची भांडीसुद्धा पळवली, तेव्हा तिथल्या साधूंना त्याने ७ नोव्हेंबर १२९७ चे संरक्षणपत्र दिले, म्हणजे त्याच्याच सैनिकांपासून त्यांचे रक्षण करणारे पत्र. आपल्या माणसांना आवरू न शकणारा आणि त्याची लाज वाटणारा सेनापती, हे पात्र मला पडद्यावरच्या निष्कलंक वीरापेक्षा कितीतरी अधिक रस वाटावा असे आहे. चित्रपटात या धाडींऐवजी यॉर्कचा पाडाव आहे. तटबंदीवर केलेला शौर्याचा हल्ला, राजाच्या पुतण्याचे टोपलीतून पाठवलेले मुंडके, सगळे आहे. वॉलेस यॉर्कपर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

राजपुत्र एडवर्डच्या मित्राचा प्रसंगही याच मालिकेत बसतो. चित्रपटातला वृद्ध राजा त्या तरुणाला खिडकीतून खाली फेकून देतो. दृश्याची मांडणी अशी आहे की प्रेक्षागृहात हशा पिकावा, आणि अनेक ठिकाणी तो पिकलाही. समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी १९९५ मध्ये अमेरिकेत या चित्रणाविरुद्ध निदर्शने केली आणि मला ती रास्त वाटतात. इतिहासात राजपुत्राचा जिवलग पिअर्स गॅव्हस्टन हा १३१२ मध्ये, जुना राजा मरून पाच वर्षे झाल्यावर, इंग्लंडच्याच सरदारांकडून मारला गेला. तो राजकीय खून होता आणि त्याने देश यादवीच्या काठावर आणला. ती भीषण घटना काढून तिच्या जागी एक विनोदी मृत्यू ठेवला गेला. राजपुत्राच्या पत्नीबद्दल थोडक्यात सांगता येईल: इझाबेलाचा जन्म सुमारे १२९५ चा, विवाह १३०८ चा, मुलाचा जन्म १३१२ चा. वॉलेस १३०५ मध्ये गेला. त्याच्याशी तिचे प्रेम आणि त्याच्यापासून राहिलेला गर्भ ही कल्पना वंशावळीतून घेतलेला सूड आहे, आणि तिचे बीजही हॅरीकडेच सापडते, कारण त्याच्या काव्यात इंग्लंडची राणी वॉलेसची भेट घ्यायला येते.

शेवटी मृत्युदंड. येथे चित्रपट इतर सर्व ठिकाणांपेक्षा नोंदींच्या जवळ जातो. २३ ऑगस्ट १३०५ रोजी वेस्टमिन्स्टर येथे खटला चालला. मी एडवर्डचा प्रजाजन कधी नव्हतोच, तेव्हा राजद्रोही कसा, असे वॉलेसने म्हटले, आणि चित्रपटात हा मुद्दा आहे. शिक्षेचा प्रत्येक भाग एकेका गुन्ह्याला जोडलेला होता: राजद्रोहासाठी घोड्यामागून फरपटत नेणे, लूट आणि खुनांसाठी फाशी, देवस्थानांच्या विटंबनेसाठी आतडी काढून जाळणे, बहिष्कृत म्हणून शिरच्छेद. आरोपांत वय, लिंग, साधू वा साध्वी कोणाचीही गय न केल्याचा उल्लेख होता, आणि शेरीफच्या देहाचे तुकडे केल्याचाही. ही शिक्षा म्हणजे मृत्यूच्या आधी देहावर वाचून दाखवलेले आरोपपत्रच होते. चित्रपटात आरोपांची ही यादी उरत नाही, म्हणून शिक्षा निव्वळ छळ वाटते. आतडी काढण्याचे दृश्य दिसत नाही; कॅमेरा चेहऱ्यावर स्थिर राहतो, आणि दयेची याचना कर म्हणजे लवकर मरशील, या सूचनेवर नायक 'स्वातंत्र्य' असे ओरडतो. त्या सूचनेची किंवा त्या आरोळीची नोंद नाही. संबंध चित्रपटात सर्वांत संयमाने चित्रित झालेली हिंसा नेमकी कागदोपत्री सर्वांत पक्की असलेली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बचावाची बाजू

चित्रपटाने आपला बचाव पहिल्याच मिनिटात केलेला आहे. निवेदक सांगतो की इंग्लंडचे इतिहासकार मला खोटारडा म्हणतील, पण इतिहास लिहितात ते वीरांना फासावर देणारेच. चतुराईचे वाक्य आहे. यामुळे पुढे जो कोणी तारीख दुरुस्त करील तो आपोआप फाशी देणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो. वास्तविक या चित्रपटाच्या चुका स्कॉटिश अभ्यासकांनीही तितक्याच ठामपणे दाखवल्या आहेत, आणि वॉलेसची बाजू सर्वांत भक्कम करणारा पुरावा, म्हणजे ल्युबेकचे पत्र, जेत्यांनी लिहिलेला नाही.

रँडल वॉलेस यांचे म्हणणे अधिक सरळ आहे: हॅरीचे काव्य आपल्या अंतःकरणाला भिडले, आणि आपण त्याच्याशी इमान राखले. काव्याशी इमान हा प्रामाणिक बचाव ठरला असता, जर एअरची आग गाळली नसती. पुढे स्कॉटलंडचा राजा झालेला सरदार रॉबर्ट ब्रूस याच्याबद्दल मात्र चित्रपटाला थोडे माप द्यावे लागेल. फॉल्कर्कच्या लढाईत, २२ जुलै १२९८ रोजी, तो शिरस्त्राणाआड इंग्रजांच्या बाजूने लढत होता, हे दृश्य भरवशाच्या पुराव्यावर उभे नाही. पण १३०२ मध्ये तो एडवर्डला शरण गेला होता आणि त्या वर्षांत बहुतेक स्कॉट सरदारांची निष्ठा कधी इकडे तर कधी तिकडे झुकत होती, ही गोष्ट खरी आहे. बापाच्या दबावाखाली गोंधळलेला, लज्जित ब्रूस हे चित्रपटातले सर्वांत ऐतिहासिक पात्र आहे, जरी त्याचे प्रसंग बरेचसे कल्पित असले तरी. गंमत अशी की 'शूर हृदय' ही उपाधी स्कॉटिश परंपरेत त्याच्याच हृदयाशी जोडलेली आहे: मृत्यूनंतर ते काढून जेम्स डग्लसने १३३० मध्ये स्पेनच्या रणात नेले होते.

नंतरची वर्षे

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा स्कॉटिश नॅशनल पार्टीने चित्रपटगृहांबाहेर पत्रके वाटली. स्वतंत्र संसदेच्या प्रश्नावर स्कॉटलंडमध्ये सार्वमत झाले ते ११ सप्टेंबर १९९७ रोजी, म्हणजे स्टर्लिंगच्या लढाईला बरोबर ७०० वर्षे झाली त्या दिवशी, आणि ७४.३ टक्के मते संसदेच्या बाजूने पडली. हा कौल चित्रपटाने दिला असे म्हणणे मतदारांचा अपमान करणारे आहे. त्या मागणीला अनेक दशकांचा इतिहास होता आणि १९७९ मध्ये त्याच प्रश्नावर एक सार्वमत होऊनही गेले होते. चित्रपटाने एवढेच केले की स्वातंत्र्य म्हणताना डोळ्यांपुढे कोणता चेहरा यावा हे ठरवून टाकले.

तो चेहरा दगडातही उतरला. स्टर्लिंगजवळच्या ज्या टेकडीवरून १२९७ मध्ये भालाईत पुलाकडे धावले, तिच्यावर १८६९ मध्ये पूर्ण झालेले वॉलेस स्मारक आहे. तिच्या पायथ्याच्या वाहनतळावर १९९७ मध्ये वॉलेसचा पुतळा उभा राहिला. चेहरा मेल गिब्सन यांचा, ढालीवर चित्रपटाचे नाव, आणि खाली 'स्वातंत्र्य' हा शब्द. लोकांनी त्याची इतक्या वेळा मोडतोड केली की संरक्षणासाठी त्याच्याभोवती पिंजरा उभारावा लागला. पुढे तो तिथून हलवण्यात आला. पुलाची जागा मात्र अजून नदीवर दाखवतात. जुन्या पुलाच्या खांबांचे अवशेष तिथे पाण्याखाली सापडले आहेत.